अध्यक्ष पुष्कळ, चिटणीस कोण?

तलवाड्यात तंत्रलेखकांची संघटना नाही, या विधानाने कोणी दचकणार नाही. गेवराई तालुक्यातले, त्वरिता देवीच्या ठाण्यामुळे ओळखले जाणारे हे गाव. आसपासच्या शिवारांत कापूस आणि ऊस, आणि या साऱ्या टापूतून दरवर्षी दुसऱ्यांचा ऊस तोडायला बाहेर जाणारी माणसे. अशा ठिकाणी तंत्रलेखकांनी एकत्र येऊन करायचे काय, असे कोणीही विचारील. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. अशा संघटनेची गरज हिंजवडीला आहे त्याहून तलवाड्याला अधिक आहे, आणि ती नाही याचा दोष तलवाड्याच्या तथाकथित मागासलेपणाकडे जात नाही. तो जातो मराठीचे अध्ययन-अध्यापन करणाऱ्या आम्हां-तुम्हां साऱ्यांच्या मनात घट्ट बसलेल्या एका कल्पनेकडे. पद हा मान आहे आणि मान मागायचा नसतो, ही ती कल्पना. प्रस्तुत लेख तिच्याविरुद्ध आहे.

प्रथम 'तंत्रलेखन' या शब्दाविषयी. संगणकप्रणालीची इंग्रजी माहितीपुस्तके लिहिणे, एवढाच त्याचा अर्थ आपल्याकडे रूढ झाला, कारण पगार तेथे होता. आम्ही तो शब्द व्यापक अर्थाने वापरतो. ज्या मजकुरावर विसंबून वाचक काही कृती करतो, आणि मजकूर चुकला तर ज्याची किंमत वाचकाच्या शरीराला किंवा खिशाला मोजावी लागते, ते सारे तंत्रलेखन. कवितेचा अर्थ चुकीचा लागला तर फार तर एक परिसंवाद वाढतो. या लेखनाचे तसे नाही.

आता या अर्थाने तलवाड्याचा वाचनव्यवहार पाहा. बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर, कीटकनाशकाच्या खोक्यातली घडीपत्रिका, ठिबक संचाची माहितीपुस्तिका, बँकेच्या कर्जाचा अर्ज, पीकविम्याच्या अटी, दवाखान्यातले संमतिपत्र. गावात कादंबरी कमी वाचली जाते असे आपण हळहळत म्हणतो, पण हा सारा मजकूर तेथे वाचावाच लागतो. तो कोणी लिहिला, कोणी तपासला, याची चौकशी मराठीच्या एकाही समीक्षकाने केल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

कीटकनाशकाची पत्रिकाच घेऊ. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि त्याखालील १९७१ चे नियम यांमुळे ही पत्रिका हिंदी-इंग्रजीबरोबर प्रादेशिक भाषेतही द्यावी लागते. म्हणजे मराठी मजकूर असतो. कायद्याचे समाधान होते. तो कसा असतो? मुंगीच्या पावलांएवढी अक्षरे, आणि त्यांत साधारण या घाटाचे वाक्य: 'फवारणीकर्त्याने विहित संरक्षक साधनांचा वापर करणे अनिवार्य असून वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी करण्यात येऊ नये.' पदवीच्या वर्गात आपण प्रयोगविचार शिकवतो. मग या वाक्याचा कर्ता कोण, हे विद्यार्थ्यांना कधी विचारले आहे? पूर्वार्धात 'फवारणीकर्ता' नावाचा कोणी परका इसम आहे; उत्तरार्धात तोही नाहीसा होतो आणि 'करण्यात येऊ नये' एवढेच उरते. हातात पंप धरलेल्या माणसाला हे वाक्य कोठेही 'तुम्ही' म्हणत नाही. शिवाय 'वाऱ्याची दिशा' म्हणजे काय? पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा, हे बोलीत पक्के आहे. मग 'वाऱ्याच्या विरुद्ध दिशा' पूर्व की पश्चिम? जो थांबून विचार करील तो गोंधळेल, आणि जो विचार करणार नाही त्याने वाचले काय किंवा न वाचले काय, सारखेच. 'वारा तोंडावर येत असेल तर फवारू नका' हे सात शब्दांचे वाक्य लिहायला कृषिशास्त्राची पदवी लागत नाही. मराठीचा कान लागतो.

मात्रेचेही तसेच. पत्रिका बोलते हेक्टरात आणि त्यासाठी लागणाऱ्या शेकडो लिटर पाण्यात. शेतकरी मोजतो एकरात आणि पाठीवरच्या पंपात. या दोन मापांमधले गणित पत्रिकेत नसते, म्हणून ते दुकानाच्या फळीवर तोंडी होते. एका पंपाला एक झाकण, जास्त कीड असेल तर दीड. झाकण कोणत्या बाटलीचे, हा पुढचा प्रश्न.

आणि रंग. डब्यावरच्या चौकोनातला त्रिकोण विषारीपणाची पायरी सांगतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि सर्वांत कमी विषारी तो हिरवा. चिन्हमीमांसेवर आपल्याकडे प्रबंध झाले, सोस्यूरची नावे घेऊन झाली. पण ज्या गावात पिवळा रंग हळदीचा आणि भंडाऱ्याचा आहे आणि हिरवा भरल्या शिवाराचा, तेथे ही चिन्हव्यवस्था कशी वाचली जात असेल, हा प्रश्न आमच्या माहितीतल्या कोणत्याही प्रबंधाने विचारलेला नाही. हिरवा त्रिकोण 'सुरक्षित' असे सांगत नाही, 'कमी विषारी' असे सांगतो. हा भेद शब्दांत कोणी लिहायचा?

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. शेतकऱ्यांनीच सूचना पाळल्या नाहीत, असाही एक सूर तेव्हा लागला. त्या मृत्यूंची कारणे अनेक होती; वाढलेले पीक, औषधांची मिश्रणे, साधनांचा अभाव, कमकुवत देखरेख. पत्रिका नीट लिहिली असती तर कोणीही मेले नसते, असा भाबडा दावा आम्ही करणार नाही. परंतु 'सूचना पाळल्या नाहीत' असे म्हणण्याचा अधिकार ज्या मजकुराच्या जोरावर घेतला जातो, तो मजकूर वाचनीय होता काय, हे तपासणे कोणाचे काम होते? ते वैद्यकाचे नव्हते आणि कृषी अधिकाऱ्याचेही नव्हते. ते भाषेच्या जाणकाराचे होते, आणि भाषेचा जाणकार त्या चौकशीत कोठेही नव्हता.

बीड जिल्ह्यापुरते याहूनही बोचणारे उदाहरण आहे. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यामागचे अर्थकारण, मुकादमाची उचल, पाळीच्या दिवसांत बुडणारी मजुरी, काही दवाखान्यांचा लोभ, हे सारे बोलले गेले आणि बोललेच पाहिजे. आम्हाला आणखी एका कागदाकडे बोट दाखवायचे आहे. शस्त्रक्रियेपूर्वी संमतिपत्रावर सही किंवा अंगठा घेतला जातो. त्या कागदावरचा ठरीव मजकूर बहुधा असा असतो: 'मला सर्व धोक्यांची माहिती माझ्या भाषेत समजावून सांगण्यात आली असून ती मला पूर्णपणे समजली आहे.' निवेदनतंत्र शिकवणाऱ्यांनी हे वाक्य फळ्यावर लिहावे. येथे 'मी' कोण आहे? जिच्या तोंडी हे वाक्य घातले आहे तिने ते लिहिले नाही, पुष्कळदा वाचलेही नाही. आणि ज्याने लिहिले तो 'मी' म्हणत असूनही कोठेच सापडत नाही. अविश्वसनीय निवेदकाची उदाहरणे शोधायला आपण फ्रान्स-अमेरिकेतल्या कादंबऱ्यांपर्यंत जातो. जिल्ह्याच्या ठिकाणी ती छापील नमुन्यात, शेकड्यांनी मिळतात.

पीकविम्याचे थोडक्यात सांगतो. २०१६ पासूनच्या योजनेत अतिवृष्टी-गारपिटीसारख्या नुकसानीची सूचना ७२ तासांत देण्याची अट होती; २०२० पासून जिल्ह्याच्या नावाने 'बीड पॅटर्न' गाजला; २०२५ च्या खरिपात राज्याने योजनेचे स्वरूप पुन्हा बदलले. दर बदलाबरोबर शासन निर्णय निघाला, आणि शासन निर्णयाची भाषा कशी असते हे वाचकांना सांगायला नको. देवीचे नाव त्वरिता असलेल्या गावातही चिखलातून येऊन ७२ तासांत असले गद्य उलगडणे अवघड आहे.

हे सारे लिहितो कोण? दूरच्या शहरातल्या कचेरीत इंग्रजी मजकूर तयार होतो, शब्दामागे काही पैसे या दराने त्याचे मराठीकरण होते, आणि ते करणाऱ्याचे नाव, पत्ता, उत्तरदायित्व कशाचाही माग राहत नाही. तो भाषांतरकार वाईट असतो असे नाही. तो एकटा असतो. मात्रेचा आकडा संशयास्पद वाटला तर विचारायला त्याला जागा नाही. दर परवडत नाही म्हणायला सोबती नाही. 'हे वाक्य असे लिहू नये' हे सांगणारा सर्वमान्य संकेत नाही. असा संकेत व्यक्ती निर्माण करू शकत नाही, मंडळे करतात. जर्मनीत तंत्रलेखकांची 'टेकोम' ही संघटना १९७८ पासून काम करते आहे. यंत्रासोबतची माहितीपुस्तिका ग्राहकाच्या भाषेत आणि समजेल अशी असली पाहिजे, हा आग्रह युरोपात कायद्याने धरला, आणि 'समजेल अशी' म्हणजे कशी याची काथ्याकूट करायला अशा संघटना होत्या. अमेरिकेतली 'सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन' ही १९५३ मध्ये मूळ धरलेली संस्था. भारतातही तिची शाखा होती. तिचा उल्लेख आम्ही एका वेगळ्या कारणासाठी करतो. तिचे स्थानिक गट चालत ते ठराविक मुदतीसाठी आपणहून पुढे आलेल्या सभासदांच्या बळावर. त्यांत 'मी यंदा चिटणीस होतो' असे म्हणणे उद्धटपणाचे समजले जात नसे. जानेवारी २०२५ मध्ये ही संस्था आर्थिक डबघाईमुळे दिवाळखोरीत निघाली आणि बंद झाली. तेव्हा ती आदर्श आहे, तिची नक्कल करा, असे आम्ही म्हणत नाही. सत्तर वर्षे जगलेली संस्थाही मरते. पण ती सत्तर वर्षे जगली हेही खरे.

आमच्याकडे संस्था नाहीत काय? वाणवा मुळीच नाही. पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ ची, निजामाच्या राज्यात जन्मलेली मराठवाडा साहित्य परिषद १९४३ ची, घटक संस्थांना एकत्र बांधणारे महामंडळ १९६१ चे. या संस्थांचे ऋण आम्ही नाकारत नाही. मराठवाड्यात तर उर्दू राजभाषेच्या छायेत मराठीचे नाव घेणे हेच धाडस होते, आणि ते करणारी माणसे पद मिरवायला आली नव्हती. पण आज या संस्थांभोवती वाद कशाचे होतात ते पाहा. साहित्य संमेलनाचा अध्यक्ष कोण आणि कसा निवडावा, यावर दशकानुदशके शाई खर्च झाली. हजाराच्या आसपास मतदार, त्यांच्या दारी जाणारे ज्येष्ठ लेखक, आरोप, प्रत्यारोप. अखेर २०१८ मध्ये महामंडळाने निवडणूक रद्द करून सन्मानाने निवड करण्याची पद्धत आणली, आणि २०१९ च्या यवतमाळ संमेलनासाठी अरुणा ढेरे यांची निवड झाली. निवड उत्तम होती. त्याच संमेलनाला नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आले आणि महामंडळाच्या अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला, हेही येथे नोंदवले पाहिजे. सन्मानाच्या पद्धतीने संस्थेला कणा मिळतोच असे नाही, एवढे त्यातून दिसले. (संमेलन यवतमाळला, फवारणीचे बळी गेले त्यानंतर जेमतेम सव्वा वर्षाने. आम्ही योगायोगावर टीका करत नाही. फक्त तो लिहून ठेवतो.)

आमचा आक्षेप निवडणुकीवर नाही आणि निवडीवरही नाही. दोन्ही पक्ष एकच गृहीत धरून भांडत होते, की नेतृत्व म्हणजे आयुष्यभराच्या लेखनाचे बक्षीस. एक म्हणाला, बक्षीस मतांनी द्या. दुसरा म्हणाला, आदराने द्या. पद हे पुढच्या दोन-तीन वर्षांत करायच्या कामाचे नाव आहे, ही तिसरी शक्यता कोणाच्याच मनात आली नाही. २०२१ मध्ये नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद जयंत नारळीकरांना मिळाले तेव्हा वैज्ञानिकाचा गौरव झाला म्हणून आपण सारे सुखावलो, सुखावण्यासारखेच होते. पण त्या गौरवाबरोबर मराठीतल्या शास्त्रीय-तांत्रिक लेखनासाठी एखादे कायमचे मंडळ, एखादा चिटणीस, एखादे टिपणवहीचे पान सुरू झाले काय?

या गृहीतकाची भाषासुद्धा ठरून गेलेली आहे. आपल्याकडे कोणी पद 'घेत' नाही. ते 'मित्रांच्या आग्रहास्तव स्वीकारतो', 'जबाबदारी अंगावर येऊन पडते', 'नाइलाजाने होकार द्यावा लागतो'. जो सरळ 'मला हे करायचे आहे, मला निवडा' म्हणतो तो महत्त्वाकांक्षी ठरतो, आणि महत्त्वाकांक्षी हा शब्द मराठी वाङ्मयीन वर्तुळात अजून शिवीसारखा वापरला जातो. या विनयाचा परिणाम असा होतो की खरोखर काम करू इच्छिणारा संकोचाने मागे राहतो आणि ज्याला संकोच नाही तो पुढे जातो. विनयाच्या संस्कृतीने सत्ताकांक्षा थांबलेली आम्ही पाहिलेली नाही. तिने फक्त कार्याकांक्षा थांबली.

कोणत्याही महाविद्यालयातल्या वाङ्मय मंडळाची स्थापना आठवा. अध्यक्षपदासाठी ज्येष्ठ प्राध्यापक, उपाध्यक्षपदासाठी त्यांच्याहून किंचित कमी ज्येष्ठ, मार्गदर्शक म्हणून संस्थाचालक. मग कोणीतरी विचारतो, इतिवृत्त कोण लिहिणार? खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा सर्वांत तरुण तासिका-तत्त्वावरच्या सहकाऱ्याकडे वळतात. बहुधा ती स्त्री असते. त्या एका क्षणात आपण विद्यार्थ्यांना शिकवतो की लिहून ठेवणे, हिशेब ठेवणे, पत्रव्यवहार सांभाळणे ही दुय्यम माणसांची कामे आहेत. पुढे त्यांपैकी कोणी तंत्रलेखक झाला, तर स्वतःच्या कामाविषयी त्याची हीच समजूत असणार.

असे नेहमीच होते काय? नाही. मुंबईत १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या तरुणांनी काढलेल्या सभेचे नावच 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' असे होते. वाङ्मय आणि शास्त्र एका नावात, मधे फक्त एक 'अँड'. तिच्या मराठी शाखेचे, ज्ञानप्रसारक सभेचे, अध्यक्ष होते दादोबा पांडुरंग, १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण लिहिणारे. व्याकरणकार उपयुक्त ज्ञानाच्या सभेचा कारभार पाहतो, आणि १८५० पासून त्या सभेचे मासिक निघते, यात त्या पिढीला काही विजोड वाटले नाही. सत्यशोधक समाजाची स्थापना १८७३ मध्ये झाली तेव्हा जोतीराव फुले अध्यक्ष होते आणि खजिनदारही तेच होते. मान आणि हिशेबाची वही एकाच हातात! १८८५ मध्ये ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण त्यांनी नाकारले, कारण त्या ग्रंथकारांच्या व्यवहाराचा शूद्रातिशूद्रांच्या जगण्याशी मेळ बसत नाही असे त्यांचे म्हणणे होते. त्या पत्राचा उल्लेख आपण दर संमेलनाच्या आसपास करतो. ज्यांनी हे पत्र लिहिले त्यांनीच 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये पाणी, खत, माती आणि जनावरे यांविषयी तपशिलात सूचना केल्या आहेत, हे मात्र वाङ्मयाच्या तासाला सहसा निघत नाही.

पुढे य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी महाराष्ट्र शब्दकोशाचे प्रचंड काम उरकल्यावर १९४८ मध्ये शास्त्रीय परिभाषा कोश सिद्ध केला. अमुक पद द्या, मग कोश करतो, असे ते कोणाला म्हणत बसले नाहीत. आणि बीड जिल्ह्याचाच अभिमान हवा असेल तर अंबाजोगाईच्या दासोपंतांची पासोडी आहे: सुमारे ४० फूट लांब कापडावर पंचीकरणाचा अवघड विषय मांडलेला. एवढ्या लांबरुंद कापडावर विषय उलगडून दाखवायचा, म्हणजे वाचणाऱ्याच्या डोळ्यांचा आधी विचार करायचा. आम्ही ती पाहतो तेव्हा आम्हाला संतकवीबरोबर तंत्रलेखकही दिसतो. भक्तांनी रागावू नये.

येथे कोणी म्हणेल, हे काम शासनाचे आहे. भाषा संचालनालय १९६० पासून आहे, परिभाषा कोश आहेत, विश्वकोश आहे. आहेत, आणि त्यांची थट्टा करणाऱ्यांत आम्ही नाही. पण तलवाड्याने शासकीय परिभाषेचा याहून मोठा प्रयोग जवळून पाहिला आहे. बीड हा हैदराबाद संस्थानाचा जिल्हा होता. उस्मानिया विद्यापीठासाठी १९१७ मध्ये निजामाने 'दारुल तर्जुमा' हे भाषांतर खाते उघडले. तेथे वैद्यक, अभियांत्रिकी, गणित, कायदा यांचे ग्रंथ उर्दूत आणले गेले, शब्द घडवणाऱ्या समित्या बसल्या, आणि एका भारतीय भाषेतून उच्च तांत्रिक शिक्षण देता येते हे सिद्ध झाले. कामाची प्रत उच्च होती. पण ती भाषा गेवराईच्या शिवारातली नव्हती, आणि हुकमाने उभे राहिलेले ते काम १९४८ मध्ये हुकूम बदलताच ओसरले. शास्त्री, मौलवी, पदवीधर कितीही नेमले तरी त्या शब्दांचा वापर करणाऱ्यांची स्वतःची संघटना नसेल तर शब्द फडताळातच राहतात. आपल्या परिभाषा कोशांची अवस्था कोणत्याही तालुका कचेरीत जाऊन पाहावी.

मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून स्वयंसेवी वृत्तीने चालली आहे, हा आमच्या विधानाला अपवाद आहे आणि आम्ही तो आनंदाने मान्य करतो. मात्र तिचा हेतू विज्ञानाचा प्रसार आहे. औषधाच्या पत्रिकेवर कोणाची सही असावी, हा व्यवसायाचा प्रश्न तिने सोडवावा अशी अपेक्षा करणे अन्याय्य होईल.

दुसरा आक्षेप आजकाल मोठ्या आत्मविश्वासाने घेतला जातो: भाषांतर आता यंत्र करते, संघटना कशाला? यंत्र वाक्य देते, आणि दिवसेंदिवस बरे देते, हे खरे. पण 'फवारणी करण्यात येऊ नये' या धाटणीचे हजारो नमुने वाचून शिकलेले यंत्र तेच वाक्य अधिक वेगाने आणि अधिक शुद्ध व्याकरणात देईल. ते नको, हे वे, हे ठरवणारे कोणी नसेल तर वाईट गद्याचे उत्पादन तेवढे वाढेल. आणि चुकीच्या मात्रेबद्दल जाब कोणाला विचारायचा? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये वस्तूसोबत पुरेशा सूचना किंवा इशारे नसतील तर उत्पादकाला जबाबदार धरण्याची तरतूद आहे. 'पुरेशा' या शब्दाचा अर्थ मराठी वाचकापुरता कोण सांगणार? ग्राहक आयोगापुढे उभे राहून 'हे वाक्य आठवी शिकलेल्या माणसाला समजत नाही, आणि ते अशा कारणांनी समजत नाही' असे साधार सांगणारा जाणकार आज कोणत्या मंडळाकडून मागवायचा? असे मंडळ नाही. कायद्याने दार उघडले आहे आणि आत जायला कोणी नाही.

तिसरा आक्षेप खासगीत येतो. संघटना काढली की तिचेही राजकारण होणार, त्यापेक्षा नसलेली बरी. ज्यांना तोटे सोसावे लागत नाहीत त्यांचे हे शहाणपण आहे. राजकारण होईल. म्हणूनच मुदत हवी, हिशेब दरवर्षी हवा, आणि मुदतवाढीला नकार देण्याची सवय हवी. २०२१ मध्ये पुण्याच्या साहित्य परिषदेच्या कार्यकारिणीला सर्वसाधारण सभेने एकदम पाच वर्षांची मुदतवाढ दिली, तेव्हा करोनाचे कारण खरे असूनही पुष्कळांना ते पटले नव्हते, आणि आम्ही त्यांच्यापैकी होतो.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. विभागाविभागांत व्याख्याने झाली, सत्कार झाले. पुढे काय, असे ज्यांना वाटते त्यांच्यापुढे आमचा प्रस्ताव आहे, आणि तो मुद्दाम लहान ठेवला आहे. तंत्रलेखकांचे मंडळ मुंबई-पुण्यात नव्हे, गेवराई तालुक्यात निघावे. त्याला उद्‌घाटक नको. चिटणीस हे पहिले पद असावे आणि अध्यक्षाची नेमणूक काम सुरू झाल्यावर, गरज वाटली तर करावी. ज्याला पद हवे त्याने ते स्वतः मागावे, लेखी मागावे, आणि दोन वर्षांत काय करणार ते त्याच कागदावर लिहावे. 'आग्रहास्तव' आलेले अर्ज परत पाठवावेत. मराठीचे पदव्युत्तर विद्यार्थी, कृषी सेवा केंद्र चालवणारा एखादा पदवीधर, एखादी आशा कार्यकर्ती, ऊसतोडीला जाऊन आलेली आणि वाचता येणारी एखादी बाई, एवढे सभासद पहिल्या सभेला पुरेत. अंगठा करणाऱ्यांनाही बोलवावे; मजकूर मोठ्याने वाचून दाखवला असता कोठे अडते, हे त्यांच्याइतके नेमके कोणी सांगणार नाही.

पहिले कामही ठरवता येते. गेवराईच्या कापसावर फवारणीचा जोर साधारण जुलै-ऑगस्टपासून चढतो. त्याआधी बाजारात सर्वाधिक खपणाऱ्या एका औषधाची एक पत्रिका घ्यावी, ती कृषी विद्यापीठातल्या जाणकाराकडून तपासून घेऊन हेक्टरातून एकरात आणि लिटरातून पंपात आणावी, 'तुम्ही' असा कर्ता घालून पुन्हा लिहावी, तलवाड्यात दहा जणांना वाचून दाखवावी, अडलेली वाक्ये बदलावीत आणि मग दुकानाच्या फळीवर चिकटवावी. खाली लिहिणाऱ्यांची आणि तपासणाऱ्याची नावे असावीत, आणि चूक आढळल्यास कोणाला कळवायचे तेही असावे. मराठीच्या किती विभागांतून या नावांसाठी हात वर होतात, हे आम्हाला पाहायचे आहे. आमच्या दोघांचे अर्ज, कामाच्या यादीसह, लिहून तयार आहेत.